लग्नघर शेवटी

"वैनी, पोचला मा?"

दारात उभा राहून विचारायचा. हातात मोबाईल, चष्मा कपाळावर आणि जिना चढून लागलेली धाप. खालच्या माळ्यावरून मला फोनवर काहीतरी धाडायचा आणि ते मिळालं का बघायला स्वतः वर यायचा. मी म्हणायचे, "भावोजी, येणारच होता तर तोंडानंच सांगायचं." तर म्हणायचा, "तसा नाय वैनी. धाडलेला पोचला काय नाय, ता बघूक होया."

आणि धाडलेलं काय, तर गुलाबाचं फूल. त्याच्यावर पाण्याचे थेंब, खाली लिहिलेलं शुभ सकाळ. तोवर आमची सकाळ सरून भाताला आधण आलेलं असायचं.

तुमच्या फोनात पण असेल बघा असा एक माणूस. दिवस उगवला की त्याचं फूल, मग देव, मग कारल्याचा रस, मग हे अकरा जणांना पाठवा नाहीतर बघा काय होतं ते. तुम्ही बघत नाही. तो धाडायचा थांबत नाही.

आमचा हा भावकीतला. सख्खा दीर नव्हे, पण एका वाडीचा, एका आडनावाचा, म्हणून मी भावोजी म्हणायची. लालबागच्या चाळीत आम्ही वरच्या माळ्यावर, तो खाली कोपऱ्यातल्या खोलीत. बायको लवकर गेली. मुलगा-सून बदलापूरला. मुलानं एका दिवाळीला फोन घेऊन दिला, भावकीच्या ग्रुपमध्ये घातलं, आणि तिथून सगळ्यांच्या मागे हे लागलं.

एकदा त्यानं धाडलं की उद्या दिवसभर पाणी येणार नाही. मी दुसरी शिकलेली, अक्षर अक्षर लावून वाचते. पण पाणी म्हटलं की बायका कुठे नीट वाचतात. सगळ्या माळ्यानं पिंपं भरली, टोप भरले, कुकर भरले. एकीनं तर पोराचा आंघोळीचा टब भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी रोजच्या वेळेला नळ धो धो आला आणि भरायला घरात भांडं नाही. मग कोणीतरी नीट वाचलं, तर ते कुठल्या भलत्याच शहराचं होतं, आणि ते पण जुनं. बायका त्याच्यावर धावून गेल्या. हा शांत. "पाणी वाया गेला काय? नाय मा? मग?"

माझी सून वैतागली. तिनं मला फोनाचा आवाज बंद करायला शिकवलं. म्हणाली, "आई, हे एवढं दाबा, की काका गप्प." दाबलं. फोन गप्प झाला. काका कसला गप्प होतोय, तो जिना चढून यायचाच.

त्याला ही खोड कुठून लागली ते मला माहीत होतं. आताच्या पोरांना माहीत नाही.

तेव्हा घरोघरी फोन नव्हते. गावाला कोणी वारलं की तार यायची ती आमच्या गावकरी मंडळाच्या खोलीवर. तिथे गावची एकटी माणसं राहायची, गिरणीत पाळीनं कामाला जाणारी. हा पण साच्यावर, म्हणजे मागावर होता, तिथेच राहायचा. तार आली की भावकीला कळवायला हवं, सुतक लागतं. ते काम कोणाला नको असायचं. मरणाची बातमी घेऊन लोकांच्या दारात कोण जाईल? हा जायचा. पाळी सुटली की तसाच निघायचा, कपड्याला कापूस लागलेला. लालबाग झालं की नायगाव, तिथून वडाळा, मग वरळीच्या बीडीडी चाळी. पायी. एक घर सोडायचा नाही. म्हणायचा, "हातात इलली बातमी आपल्याकडे ठेवूची नसता."

लोक त्याला लांबून बघितलं की घाबरायचे. नायगावला एक म्हातारी होती, ती हा दिसला की दार लावून घ्यायची. हा दाराबाहेर उभा राहून सांगायचा, "आजी, आज काय नाय. सहज जातंय." तरी ती उघडायची नाही.

माझी आई गेली ती बातमी पण त्यानंच आणली. माझं माहेर शेजारच्या वाडीतलं. मी तेव्हा खानावळ चालवायची. आमचे मालक सतत आजारी, गिरणीत खाडे, तेव्हा दहा बाय दहाच्या खोलीत मी गिरणीतल्या माणसांना जेवायला घालायची. हा पण माझ्याकडेच जेवायला. त्या दिवशी दुपारचा आला आणि भिंतीला टेकून बसला. मी ताट मांडलं तर म्हणाला, "आधी ह्येंका वाढा." सगळी जेवून कामावर गेली. मग म्हणाला, "आता तुम्ही जेवा, मी बसतंय हंयसर." मी जेवले. हा भात नुसता चिवडत होता. माझं जेवून झालं, तेव्हा भाताचा मोठा टोप उचलून मोरीवर नेला, घासला, पालथा घातला, आणि मग सांगितलं.

मला राग आला. आई तिकडे गेली आणि मी इकडे माशाची आमटी ओरपत होते. पण मग गावाला जाईपर्यंत पोटात पाण्याशिवाय काही गेलं नाही. कडेवर पोर, एस्टीत बसायला जागा नाही. त्या एका जेवणावर मी उभी होते. त्याला मी कधी काही बोलले नाही.

आणखी एक गोष्ट होती. ती भावकीत सगळ्यांना माहीत होती आणि कोणी तोंडानं काढायचं नाही. कोणाच्या घरात लग्न तोंडावर आलं असलं की हा त्या घराकडे फिरकायचा नाही. सगळीकडे जाऊन यायचा, ते घर शेवटी ठेवायचा. आमच्यात असं आहे की सुतक कानावर पडलं की लागतं. पडलंच नाही तर लागत नाही. मग ज्यांना कळलं असेल ती माणसं गुपचूप लग्नाला जायची नाहीत, आणि लग्नघर पण कोण आला नाही ते विचारायचं नाही. पोरगी उजवली, मांडव उतरला, की हा जायचा आणि शांतपणे सांगायचा. त्यात कोणाला खोटं बोलावं लागायचं नाही. नुसतं ह्याला थोडं उशिरा चालावं लागायचं.

असा हा माणूस. त्याच्या हातात मुलानं फोन दिला.

माझ्या नातीचं, सायलीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, जहाजावर नोकरीला. सुट्टी मोजकी, सुट्टी संपली की कितीतरी महिने समुद्रावर. हळदीचा दिवस उजाडला. घरात बायका, हळद दळायच्या जात्याला बांधायला सुपारी काढलेली, माझी सून नवीन साडीत. आणि सगळ्यांचे फोन एकदम वाजले. भावकीतली लांबची एक चुलत आजी गावाला वारली होती. ह्यानं उठल्या उठल्या ग्रुपवर टाकलं, खाली हात जोडलेले. ग्रुपमध्ये आम्ही पण होतो.

माझ्या फोनाचा आवाज बंद होता म्हणून मला कळलं नाही असं म्हणून चालणार होतं का? घरभर वाजले होते फोन. जातं तसंच राहिलं.

लग्न मोडलं नाही, पुढे गेलं. पण हॉल गेला, मुलगा जहाजावर गेला. नवऱ्यामुलाची आई बाई सरळ होती, पण जाताना म्हणाली, "एकदा झालं ते झालं. परत असंच झालं तर आम्ही म्हणू, योग नाही." हातावरची मेंदी जाईपर्यंत सायली खोलीबाहेर आली नाही.

माझा मुलगा दिलीप खाली गेला. मी जिन्यावर होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"काका, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? आमच्याकडे हळद होती आज."

"अरे, कळवूक नको?"

"कळवा ना. उद्या कळवा, परवा कळवा. आम्हाला सोडून बाकीच्यांना कळवा. सगळ्यांना एका दमात कशाला?"

भावोजीनं फोन उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला, "दिलीप, चलत जाय होतंय तेव्हा लग्नघर शेवटाक ठेवी होतंय रे. ह्येच्यात शेवटचा घर खयचा, ता माका समाजतच नाय."

दिलीप म्हणाला, "समजत नाही तर हात लावू नका." आणि तिथेच उभ्या उभ्या त्याला ग्रुपमधनं काढून टाकलं. तो ग्रुपचा ॲडमिन होता.

भावोजीला वाटलं फोन बिघडला. नाक्यावरच्या मोबाईलवाल्याकडे घेऊन गेला. तो मोबाईलवाला परप्रांतातला पोरगा, बघून म्हणाला, "बाबा, फोन ठीक है. आपको निकाल दिया है." हे मला त्यानंच येऊन सांगितलं, आणि सांगताना हसला. मग म्हणाला, "बरा केल्यानी. माझो हात जड."

तुम्हाला वाटेल आता सुटका झाली. पण ज्यानं वरळीपर्यंत दारं गाठली तो ग्रुपमधनं काढल्यानं थांबतोय? आधी ते फूल ग्रुपवर एकदा यायचं. आता एकेकाला वेगळं यायला लागलं. अख्खी सकाळ बाकावर बसून एक एक नाव शोधायचा आणि धाडायचा. कितीतरी जणांनी त्याला बंद करून टाकलं, मग त्याच्या फोनात त्यांच्या फुलाखाली न पोचल्याची एकच खूण दिसायची. मला दाखवायचा. "ह्येका पोचत नाय. ह्येचो फोन खराब झालो असतलो." मी म्हणायचे, असेल.

मी त्याला बंद केलं नाही. आवाज मात्र बंदच ठेवला.

वर्ष सरत आलं, सायलीचा नवरामुलगा जहाजावरून परत आला. लगेच तारीख धरली, दादरचा एक हॉल मिळाला. ह्या वेळी दिलीप अंगात आल्यासारखा सगळ्यांना सांगत फिरत होता, काही झालं तरी मला फोन करू नका. माणसं हसायची, पण समजायची. पत्रिका घेऊन भावोजीकडे मी गेले. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, देवाजवळ ठेवली. म्हणाला, "धुतलेलो सदरो असा. येतंय."

लग्नाला थोडे दिवस राहिले असताना एका सकाळी त्याचं फूल आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पण नाही. देव नाही, कारलं नाही. जिना चढून वर पण आला नाही. सून म्हणाली, "काकांचा नेटपॅक संपला वाटतं. देव पावला." सगळी हसली. मी फोन उघडून बघितला, आवाज बंद असला तरी फूल असतंच. नव्हतं.

घरात पाहुणे यायला लागले होते. मी एका ताटात लाडू, करंजी घेतली आणि खाली गेले. दार लोटलेलं होतं. तो खाली जमिनीवर बसलेला, भिंतीशी. चटई नाही, सतरंजी नाही. दाढी वाढलेली. डोक्याला तेल नाही. देवाला फूल नव्हतं, दिवा नव्हता.

मी उंबऱ्यात पाय टाकला तर हात वर करून म्हणाला, "थंयच थांबा, वैनी. भायरच ठेवा."

मी ताट बाहेर ठेवलं.

"लाडू नको," म्हणाला. "भात असलो तर धाडा. साधो."

आयुष्यभर सुतकं पाळलेली बाई मी. मला काय सांगायला लागणार होतं? कोण गेलं तेवढं माहीत नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता. मी विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, माझ्याशी तो खोटं बोलला नसता. आणि सांगितलं असतं तर वर सायली मेंदीचे हात घेऊन बसली होती.

मी विचारलं नाही. "भात धाडते," म्हटलं आणि ताट उचलून वर आले. सुनेला सांगितलं, काकांचं पोट बरं नाही, साधा भात काढ. रोज भाताचं ताट बाहेर ठेवायची मी. रोज तो मी गेल्यावर आत घ्यायचा. आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

लग्न चांगलं झालं. अक्षता टाकल्या आणि मी मागे जाऊन बसले, लोकांना वाटलं म्हातारी हळवी झाली. पंगतीत दिलीप म्हणाला, "काका आले नाहीत बघ. ग्रुपमधनं काढलं म्हणून रुसले. एवढं मनात धरायचं?" भावोजीचा मुलगा बदलापूरहून आला होता, तो पण म्हणाला, "बाबांचं असंच, हट्टी आहेत." मी म्हटलं, जेवा गप्प.

सायली सासरी गेली. तिकडची पूजा झाली. जावई जहाजावर जायच्या आधी दोघं येऊन पाया पडून गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी भावोजी वर आला. दाराबाहेरच उभा राहिला.

"पोरगी सुखरूप गेली सासराक?"

"गेली."

"पूजा?"

"झाली."

तेव्हा तो पायरीवर बसला. "वैनी, माझो थोरलो गेलो."

सख्खा थोरला भाऊ. ह्याला खांद्यावर घेऊन शाळेत नेलेला. बाप लवकर गेला तेव्हा त्यानंच ह्याला मुंबईला धाडला होता. आमच्या वाडीत आता दोन-तीन घरं उघडी आहेत, बाकी सगळ्यांना कुलपं. पुतण्यानं फोनवर लिहून ह्याला एकट्याला कळवलं, कारण गावाला अजून तेच माहीत, मुंबईला कळवायचं तर ह्यानं. ग्रुपमधनं काढलाय ते तिकडे कोणाला ठाऊक? पुतण्यानं विचारलं, आणखी कोणाकोणाला टाकू? ह्यानं लगेच फोन लावला, "तू खय टाकू नको. मी कळवतंय सगळ्यांक."

"आणि तुम्ही गेला पण नाहीत?" मी म्हटलं. "तोंड पण बघितलं नाहीत?"

"गेलो असतंय तर दार बंद दिसला असता. तुम्ही इचारलं असतात, खय गेलो. दिलीपान गावाक फोन केलो असतो." मग म्हणाला, "थोरल्याक चलला असता. तेका पोरींचा कौतुक."

मी उठून अंगावर पाणी घेतलं. दिलीप संध्याकाळी आला, त्याला सांगितलं. तो चपला काढता काढता तसाच बसून राहिला. नंतर त्यानं ग्रुपवर स्वतः बातमी टाकली, आणि भावोजीला परत ग्रुपमध्ये घेतलं. खाली जाऊन पाया पण पडला. भावोजी म्हणाला, "सुतकात पाया पडत नाय रे, मेल्या."

लोकांना वाटलं आता परत फुलं सुरू होणार. पण नाही. ग्रुपवर त्याचं नाव नुसतं असायचं. भावकीतली पोरं मुद्दाम विचारायची, "काका, गुलाब महागले काय?" हा हसायचा. कित्येक दिवसांनी मीच विचारलं, भावोजी, काय झालं, धाडत का नाही?

त्यानं फोन काढून दाखवला. पुतण्याचा मेसेज. ओळी चारच, खाली हात जोडलेले. "थोरल्याचो मेसेज तसोच असा, वैनी. दिलीपान आपलो टाकल्यान. ह्यो मी कोणाकच धाडूक नाय. आता ह्येच्या मागसून फुलां कशी धाडू?"

मी चहा ठेवला.

नंतर चाळ रिकामी करायची नोटीस लागली तेव्हा मुलानं त्याला बदलापूरला नेलं. तिकडेच तो गेला. आम्ही गेलो होतो. सुतक पाळलं.

परवा सायली आली होती, माझा फोन चालत नव्हता. तिनं बघितलं. म्हणाली, "आजी, फोन फुल झालाय. अगं, सगळे काकाआजोबांचे गुलाब आहेत. उडवू?" मी म्हटलं उडव. ठेवून काय करायचेत? ती बसून उडवत गेली, फुलं, देव, कारली, ते पाण्याचं. मग तिच्या लग्नाचा व्हिडिओ आला, तिनंच तेव्हा सगळ्यांना धाडलेला. म्हणाली, हा पण मोठा आहे, काढू? माझ्याकडे आहे. मी म्हटलं, तो राहू दे.

तिनं तो कितीदा बघितलाय, पण ती आपली स्वतःला बघते. सुरुवातीला वरात हॉलसमोर येते. बॅन्जोवाले आहेत, नवरामुलगा आहे, दिलीप फेटा सांभाळत नाचतो. त्यांच्या पाठी रस्ता आहे आणि रस्त्याच्या पलीकडे एका बंद दुकानाच्या शटरजवळ माणूस उभा आहे. दाढी वाढलेली, सदरा धुतलेला, पांढरा. हात मागे धरलेले. मधून बस जाते तेव्हा दिसत नाही. बस गेली की तिथेच असतो. वरात आत जाते, रस्ता मोकळा होतो, कोणीही ओलांडावा असा. तो ओलांडत नाही. मान थोडी उंच करून दारातनं आतलं काही दिसतं का बघतो.